जोडीचा कंट्रोलर

१

ताईच्या टेबलावर उजाडल्यापासून दात मांडलेले असत. घाबरायचं कारण नाही, खोटे दात. कवळ्या बनवणं हा तिचा धंदा. दवाखान्याचा माणूस जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे आणून द्यायचा. ताई त्यांच्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायची आणि बारक्या दिव्यावर सुरी तापवून एकेक दात त्यात बसवायची. काम नाजूक. दात केसभर जरी वाकडा बसला, तरी कुण्या आजोबांचा घास गालात अडकायचा. पण ताईचा हात असा स्थिर, की काठोकाठ भरलेला कप मनगटावर ठेवला असता तरी सांडला नसता.

त्याच खोलीत, टेबलाकडे पाठ करून, सोफ्यावर धाकटा बसलेला असे. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. मालाच्या यार्डात तो उंच क्रेन चालवायचा. केबिनच्या शिडीवरून उतरताना पाय निसटला आणि उजवं कोपर मोडलं. हाड जुळलं, पण आतली शीर रुसली ती रुसलीच. अंगठा आणि शेजारची दोन बोटं ऐकेनात. एकट्याला शर्टाचं बटण लावता येईना, म्हणून तो बहिणीकडे राहायला आला. येताना दोन जोडी कपडे आणि गेम खेळायचं यंत्र घेऊन आला. म्हणजे सामानात काय महत्त्वाचं, ते समजून घ्या.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "बोटांना काम द्या. गेम खेळा, काही हरकत नाही." म्हणून तो ट्रकचा गेम खेळायचा. गोदामाच्या अंगणात ट्रक मागे घेऊन दोन भिंतींमध्ये उभा करायचा, एवढाच खेळ. ट्रक दरवेळी भिंतीत जायचा. एका दुपारी त्यानं कंट्रोलर फेकला तो थेट ताईच्या टेबलावर. कुणा गिऱ्हाइकाचा वरचा जबडा फुटला. धाकटा ओरडला नाही, सॉरी म्हणाला नाही. टीव्ही बंद करून काळ्या पडद्याकडे बघत बसला. त्यानंतर कित्येक दिवस तो तसाच बसायचा, आणि ताईला दात बसवता बसवता दिवसभर त्याची पाठ बघावी लागायची.

ती पाठ तिला बघवेना. तिथूनच सगळं सुरू झालं.

२

गेमच्या दुकानात गळ्यात हेडफोन अडकवलेली एक पोरगी होती. तिनं ताईला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुणासाठी हवाय, काकू? मुलासाठी?"

"भावासाठी. उजवा अंगठा नीट चालत नाही त्याचा. आणि काकू कुणाला म्हणतेस गं?"

पोरगी हसली, पण मग मनापासून कामाला लागली. तिनं काउंटरवर कंट्रोलर मांडले. "हा बघा, ह्याला पाठीमागे जादा बटणं आहेत. अंगठ्याचं काम दुसऱ्या बोटांना वाटून देता येतं. ह्याचं ट्रिगर हवं तेवढं हलकं करता येतं, नुसतं टेकवलं तरी दाबलं जातं. ह्याच्या स्टिक, म्हणजे अंगठ्यानं वळवायच्या ह्या बारक्या दांड्या, बदलता येतात, उंच, बुटक्या, कडक, मऊ."

ताईनं एकेक हातात घेऊन बघितला. पाठीमागच्या बटणांचा तिला आवडला. चांगला भरीव होता, बोटं आपोआप बटणांवर बसत होती.

"ह्याची सवय व्हायला वेळ लागतो," पोरगी म्हणाली. "सुरुवातीला वैताग येतो. पण जमलं की जमलं."

"आणि हा?"

"ह्याची जोडी घ्यावी लागते. दोन कंट्रोलर एकमेकांना जोडायचे, मग गेमला वाटतं एकच आहे. एक जण खेळतो, दुसरा चुकलं की सावरतो. लहान मुलांना शिकवायला आईवडील नेतात."

"खेळणाऱ्याला कळतं का, दुसरा सावरतोय ते?"

"शेजारी बसून दाबलं तर कळेलच की, काकू."

"आणि मागे बसून दाबलं तर?"

पोरगीनं खांदे उडवले.

आता खरं बोलायचं तर ताईला तिथंच, काउंटरवर कोपर टेकून उभी असतानाच सगळं कळत होतं. पाठीमागच्या बटणांचा नेला तर धाकटा धडपडेल, चिडेल, कदाचित आणखी एक जबडा फोडेल. पण मग जे येईल ते त्याच्या हाताचं असेल. हे कळत असूनही तिनं जोडी घेतली. एक पिशवीत ठेवला, दुसरा पर्सच्या तळाशी.

३

"हलका आहे म्हणे हा," एवढंच तिनं धाकट्याला सांगितलं.

पहिल्या दिवशी तिनं थोडंसंच केलं. टेबलाशी बसायचं, दुसरा कंट्रोलर एप्रनखाली मांडीवर, आणि ट्रक भिंतीकडे निघाला की अंगठ्यानं स्टिक जराशी आत घ्यायची. ट्रक दोन भिंतींच्या मधोमध जाऊन उभा राहिला. धाकट्यानं शिट्टी मारली. किती दिवसांनी मारली!

"ताई, बघितलंस?"

"बघितलं रे बाबा. जरा हळू, दात हलतात माझे."

त्या रात्री तो पोटभर जेवला, आणि ताईनं आपलं ताट तसंच झाकून ठेवलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं हाक मारली, "बस गं मागे, तू असलीस की नशीब चालतं माझं," आणि ती बसली. मग रोजच बसू लागली. हळूहळू तिच्या अंगठ्याला त्याच्या चुका पाठ झाल्या. तो चुकायच्या आधीच ती सावरायची. त्याचं कुठं संपतं आणि आपलं कुठं सुरू होतं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

इकडे शर्टाची बटणं तो अजून डाव्या हातानंच लावायचा. उजव्यानं पाण्याचा पेला उचलायचा नाही. हे ताई बघत होती. तो बघत नव्हता. त्याला टीव्हीवरचा ट्रक दिसत होता ना!

यार्डातला त्याचा दोस्त भेटायला आला. त्याला सगळे लंबू म्हणायचे, आणि तो होताच तसा ताडमाड. लंबूचं काम क्रेनखाली उभं राहायचं, वर बसलेल्याला हातानं खुणा करायच्या आणि माल खाली टेकला की आकडा सोडवायचा. म्हणजे भलामोठा लोखंडी खोका डोक्यावर लटकत असताना त्याच्याजवळ उभा असतो तो हाच. धाकट्यानं त्याला खेळून दाखवलं. ताई एप्रनखाली हात घालून मागे बसली होती.

"अरे काय हात चालतोय तुझा!" लंबूनं टाळ्या पिटल्या. "तो नवा ऑपरेटर वर बसला की माझा जीव मुठीत असतो. तू ये परत. तुझ्या मालाखाली मी डोळे मिटून उभा राहीन."

ताईनं पटकन अंगठा काढला. ट्रक भिंतीला घासला.

"नजर लावलीस की रे," धाकटा म्हणाला, आणि दोघं खो खो हसले.

४

एका दुपारी खेळ चालू असताना दवाखान्याचा माणूस दारात आला. ताईनं कंट्रोलर मेणाच्या डब्याशेजारी ठेवला, वर फडकं टाकलं आणि दारात गेली. नवे साचे घेतले, जुन्या कवळीची तक्रार ऐकली, दोन शब्द सुनावले. परत येते तो धाकट्यानं ट्रक जागेवर लावलेला. मधोमध.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपण नव्हतो, म्हणजे त्याचा त्यानं लावला! हात बरा झाला, खोटं सुरू केलं आणि ते खरं झालं, असंही होतं की कधीकधी. तिनं फडकं उचललंच नाही. त्या दिवशी ती मुद्दाम दोन्ही हात टेबलावर ठेवून काम करत राहिली. ट्रक एकदाही घासला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला त्याचे हात बघायची हौस आली. चहाचं निमित्त करून ती सोफ्याच्या पुढे गेली. टीव्हीवर ट्रक मागे येत होता, सावकाश वळत होता. धाकटा पडद्याकडे बघत होता, जीभ ओठांत धरून. लहानपणापासूनची सवय. त्याचा उजवा अंगठा स्टिकवर नव्हता. बाजूला पडला होता, झोपल्यासारखा. ट्रक वळला, सरळ झाला, थांबला.

"चहा ठेव की खाली," तो म्हणाला. "अशी काय बघतेस?"

ती टेबलाशी परत आली. फडक्याला मधोमध उंचवटा होता, आणि तो अगदी थोडा थोडा सरकत होता. डावीकडे. मग पुन्हा जागेवर. वारा असेल म्हणून तिनं खिडकीकडे बघितलं. मेण धुळीनं खराब होतं म्हणून खिडकी कायमच बंद असे.

५

"ड्रिफ्ट, काकू," दुकानातली पोरगी म्हणाली. "स्टिक झिजली की असं होतं. हात न लावता गेममधला माणूस आपोआप चालायला लागतो."

ताईला इतकं हायसं वाटलं, की तिला काकू म्हटल्याचा रागही आला नाही. "म्हणजे स्टिक आपोआप हलते ना? सगळ्यांचीच हलते?"

"स्टिक नाही हो हलत. ती जागेवरच असते. आतून चुकीचा सिग्नल जातो, एवढंच."

"पण मी बघितली हलताना."

पोरगीनं कंट्रोलर उलटसुलट केला, स्टिक फिरवली, कानाशी धरला. "थरथरायची मोटर असते ह्याच्यात. स्टिक हलवायला काहीच नसतं. तुमचाच अंगठा लागला असेल, काकू."

असेलही. ताईनं रस्ताभर स्वतःला तेच बजावलं. मन चिंती ते वैरी न चिंती. चोरी आपली, म्हणून सगळीकडे आपल्याला चोराचे हात दिसतात. घरी येऊन तिनं कंट्रोलरमधले सेल काढले आणि कंट्रोलर टेबलाच्या खणात कवळ्यांच्या डब्यांमागे ठेवून दिला. संपला विषय.

धाकटा खेळायला बसला. ताईनं सकाळपासून कामाला हात लावला नव्हता, नुकतीच अंघोळ करून आली होती. तिनं खण ओढला. सेल नसलेल्या कंट्रोलरची स्टिक एका बाजूला कलली होती. कुणी टेकून धरावी तशी. तिच्यावरची रबराची टोपी दबली होती, साधारण अंगठ्याएवढी, आणि दबलेल्या जागी ताज्या गुलाबी मेणाचा ठसा होता.

ताईनं स्वतःचा अंगठा उलटा करून बघितला. स्वच्छ होता.

टीव्हीवर ट्रकचा हॉर्न वाजला. स्टिक सरळ झाली. रबर हळूच वर आलं.

६

"यार्डात चाचणी आहे माझी," धाकट्यानं जेवताना सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, बरीच सुधारणा आहे."

"आणखी काय म्हणाले?"

"घाई नको म्हणाले. डॉक्टर म्हणणारच."

हीच वेळ होती. ताईनं तोंड उघडलंही. "ऐक ना. तो कंट्रोलर..."

"तेच सांगणार होतो," तो मध्येच म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. "तू तो आणला नसतास ना ताई, तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. मला बोलता येत नाही तुझ्यासारखं. पण हा हात मला तू परत दिलास."

ताईनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

तिनं मनाशी एक हिशेब मांडला, आणि तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात भित्रा हिशेब होता. चाचणीत तो नापास होईल. होणारच. मोकळ्या जागेत, रिकाम्या आकड्यानं चाचणी घेतात, कुणाला इजा व्हायची नाही. यार्डातला साहेबच त्याला सांगेल की हात बरा नाही, म्हणजे आपल्याला सांगावं लागणार नाही. धाकटा रडेल, आपण त्याला जवळ घेऊ. खोटं आपलं, आणि ते उघडं पाडायचं काम परक्याच्या गळ्यात. वर आपण प्रेमळ बहीण!

चाचणीच्या दिवशी ती मुद्दाम घरात थांबली नाही. कवळ्या घेऊन दवाखान्यात गेली आणि काम नसताना तिथं बसून राहिली.

परतली तेव्हा धाकटा दारातच उभा होता. त्यानं तिला एका हातानं उचलून गरकन फिरवलं. डाव्या हातानं.

"पास! साहेब म्हणाला, पूर्वीपेक्षा चांगला चालवतोस. उद्यापासून कामावर!"

आनंदाच्या भरात त्यानं टेबलावरचा कप उजव्या हातानं उचलायला घेतला. कप बोटांतून निसटला आणि फरशीवर फुटला.

"घरात काम करत नाही हा लेकाचा," धाकटा हसत म्हणाला. "पण वर जाऊन लिव्हरवर ठेवला ना, की काय होतं सांगू? लहानपणी तू माझा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचीस बघ. अगदी तसं वाटतं. कुणीतरी वरून हात धरलाय आणि नेतंय."

ताईनं वाकून कपाचे तुकडे गोळा केले. सांगून टाक, सांगून टाक, असं तिचं मन आतून ओरडत होतं. पण आता सांगणार तरी काय? मी फसवत होते, हे सांगता आलं असतं. मी थांबले तरी ते थांबत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? कंट्रोलर फोडून टाकावा, असंही तिच्या मनात आलं. पण मग उद्या तो वर बसलेला असताना, आकड्याला माल असताना हात धरायला कुणीच नसलं तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती रात्रभर कूस बदलत राहिली, आणि सकाळी डब्याची पिशवी त्याच्या डाव्या हातात देऊन तिनं त्याला दारातून निरोप दिला.

७

भर दुपार होती. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ताई खालच्या जबड्याच्या दाढा बसवत होती, आणि टेबलाच्या खणातून करकर आवाज येत होता.

बराच वेळ तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग हातातली सुरी ठेवली, दिवा विझवला आणि खण उघडला. घरात टीव्ही बंद होता. गेमचं यंत्र बंद होतं. कंट्रोलरच्या दोन्ही स्टिक हलत होत्या. ट्रकच्या खेळात हलायच्या तशा भराभर नाही. फार सावकाश, जड. एक थोडी पुढे जाऊन थांबायची, दुसरी हळूहळू मागे यायची.

तिनं कंट्रोलर उचलला. उजव्या स्टिकवर अंगठा टेकवला. स्टिकला वजन होतं. खालून काहीतरी ओढत होतं, भरलेली बादली विहिरीतून ओढावी तसं. आणि तिच्या अंगठ्याच्या वर, तिच्याच अंगठ्याला दाबून, आणखी एक जोर होता. ऊबदार. सरावाचा.

डाव्या हातानं तिनं फोन चाचपडला. भावाला लावून उपयोग नव्हता, तो वर फोन नेत नसे. तिनं लंबूला लावला.

"बोला ताई!" मागे यंत्रांची घरघर होती. "पेढे कधी?"

"लंबू, तू कुठं आहेस?"

"कुठं म्हणजे? कामावर. तुमच्या भावाचा माल खाली घेतोय. काय हात आहे हो त्याचा, लोण्यासारखा येतोय खोका."

"बाजूला हो."

"काय? ऐकू येत नाही!"

"बाजूला हो म्हणते! त्याचा हात बरा नाही. मी त्याला फसवलंय. ऐकतोस का? मी फसवलंय, त्याचा हात अजिबात बरा नाही!"

निघालं तोंडातून. इतके दिवस अडलेलं निघालं, तेही यंत्रांच्या घरघरीत. पलीकडे लंबू हसत होता.

"काहीतरी हाताचं म्हणालात ना? बराय हो हात, काळजी सोडा! थांबा, त्याला खूण करतो, ताईचा फोन म्हणून." मग तो लांबून कुणाला तरी ओरडला, आणि परत फोनवर आला. "बघितलं त्यानं. अहो काय येडा आहे तुमचा भाऊ! दोन्ही हात वर करून नाचतोय केबिनमध्ये."

ताईच्या अंगठ्याखाली स्टिक सावकाश मागे येत होती.

"दोन्ही हात?"

"दोन्ही! उजवा पण!"

"आणि खोका?"

"येतोय की खाली," लंबू म्हणाला. मग त्याच्या आवाजातलं हसू जरा कमी झालं. "येतोय... म्हणजे, त्यानं लिव्हर तर..."

तेवढ्यात ताईच्या अंगठ्यावरचा तो दुसरा जोर निघून गेला. घाई न करता गेला, शिकवून झाल्यावर हात काढून घ्यावा तसा. सगळं वजन तिच्या एकटीच्या अंगठ्यावर आलं. तिनं दात आवळले आणि स्टिक होती तिथं रोखून धरली.

"थांबला," लंबू म्हणाला. "डोक्यावरच थांबला. ताई, ठेवतो हं फोन, बघू दे काय झालंय."

"ठेवू नकोस. लंबू, पळ तिथून!"

फोन बंद झाला होता. ताईनं यार्ड कधी बघितलं नव्हतं. स्टिक कुठल्या बाजूला नेली की खोका खाली येतो आणि कुठल्या बाजूला नेली की वर जातो, हे तिला माहीत नव्हतं. तिनं कंट्रोलर छातीशी धरला, टेबलाला कोपर टेकवलं आणि अंगठा तसाच ठेवला. दुखायला लागला होता.